बटण दिसतंय, पण दाबलं जात नाही

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीचा भर दुपारी फोन आला. "अरे, ते 'पैसे भरा' मेलंय. दिसतंय चांगलं ठसठशीत, पण दाबून दाबून बोट दुखलं." बिल भरायचं एक अ‍ॅप होतं. शेजारच्या मुलाने नेट स्लो आहे म्हणून सांगितलं होतं. मावशीने पदराने काच पुसली, फोन बंद करून चालू केला, मग चिडून मला लावला. मी अ‍ॅप बनवण्याच्या धंद्यात असल्यामुळे नाशकातल्या अर्ध्या नातेवाइकांच्या फोनचा फॅमिली डॉक्टर मीच.

संध्याकाळी गेलो. बटण खरंच मेलेलं होतं. गंमत म्हणजे तेच अ‍ॅप, त्याच मॉडेलचा फोन, सुनेच्या हातात मात्र बिल भरलं जात होतं. दोन्ही फोन शेजारी धरले तेव्हा फरक दिसला: मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मावशीने फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. मी ती मधल्या आकाराला आणली आणि बटण जिवंत झालं. पुन्हा मोठी केली, पुन्हा मेलं.

अक्षरांच्या आकाराचा आणि बटणाच्या प्राणाचा काय संबंध? मावशीने हेच विचारलं, आणि दोन वाक्यांत मला सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

काच सपाट, मामला सपाट नाही

मोबाइलच्या पडद्यावर जे काही दिसतं, म्हणजे बटण, चित्र, मजकुराची ओळ, वरची निळी पट्टी, त्या प्रत्येक तुकड्याला अ‍ॅप बनवणारे 'व्ह्यू' म्हणतात. आपल्याला वाटतं की हे तुकडे भिंतीवर लावलेल्या फोटोंसारखे शेजारी शेजारी आहेत. बरेचसे असतातही. पण काही तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. फोटोच्या कोपऱ्यावर 'नवीन'ची फीत, यादीवर तरंगणारं गोल अधिकचं बटण, खालून वर येणारा पर्यायांचा पत्रा. ही पोळ्यांच्या डब्यासारखी चळत आहे. आपण वरून डब्यात डोकावतो, म्हणून ती चळत आहे हे कळत नाही.

पडद्यावरची जागा सांगायला दोन मापं पुरतात: डावीकडून किती आणि वरून किती. चळत आली की तिसरं माप लागतं: काचेपासून डोळ्याकडे किती. शाळेच्या भूमितीतला एक्स आणि वाय झाला की पुढचा झेड, म्हणून चळतीतल्या क्रमाला 'झेड-क्रम' म्हणतात. या लेखात जड शब्द एवढे दोनच, व्ह्यू आणि झेड-क्रम. बाकी जे येतील ती अ‍ॅप बांधायच्या हत्यारांची नावं आहेत (स्विफ्टयूआय, फ्लटर वगैरे), पाठ करायची गरज नाही.

उशिरा आला तो वर बसला

हा क्रम ठरवतं कोण? सगळ्यात जुना नियम मिसळीच्या प्लेटचा आहे. आधी मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, मग कांदा आणि कोथिंबीर. शेवटी जे पडलं ते वर. फोनही पडदा असाच रंगवतो: यादीतला पहिला व्ह्यू आधी काढतो, दुसरा त्याच्यावर, तिसरा त्याच्यावर. दुसऱ्याने पहिल्याची जागा व्यापली तर पहिला झाकला जातो. संगणकाच्या चित्रकलेत या पद्धतीला 'चित्रकाराची रीत' असंच नाव आहे. आधी आभाळ, मग डोंगर, मग डोंगरासमोरचं झाड.

अँड्रॉइडमध्ये फ्रेमलेआउट नावाचा डबा असतो. त्यात तीन व्ह्यू लिहिले की शेवटी लिहिलेला सगळ्यात वर. आयफोनमध्ये प्रत्येक व्ह्यूपाशी त्याच्या पोटातल्या व्ह्यूंची यादी असते, तिच्यातला शेवटचा वर. स्विफ्टयूआयमध्ये त्याच डब्याचं नाव झेडस्टॅक, फ्लटरमध्ये नुसतं स्टॅक. फ्लटर तर इतकं कडक आहे की स्टॅकमधल्या मुलाला (म्हणजे त्याच्या पोटातल्या व्ह्यूला) 'तू तिसऱ्या क्रमांकावर बस' असं आकड्याने सांगायची सोयच नाही. वर हवाय? मग यादीत शेवटी लिहा. मला हा कडकपणा आवडतो. कोड वाचला की चळत डोळ्यांसमोर उभी राहते.

मग आकड्यांची उंची आली

२०१४ साली अँड्रॉइड ५.० आलं आणि त्याबरोबर गुगलची 'मटेरियल डिझाइन' ही रीत आली. कल्पना अशी की पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कागदाच्या तुकड्यासारखी, आणि कुठला कागद किती उचललेला आहे ते त्याच्या सावलीवरून कळावं. या उचललेपणाला 'एलेव्हेशन' म्हणतात.

नाशिककराला उंचीचा आकडा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात गंगेला पाणी आलं की (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि दुतोंड्या मारुती ही नदीपात्रातली उंच मूर्ती) पहिला प्रश्न असतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. एलेव्हेशन हे त्याच जातीचं माप.

फक्त या उंचीने जुना मिसळीचा नियम मोडला. आता एकाच डब्यातल्या व्ह्यूंमध्ये ज्याचा आकडा मोठा तो वर, मग यादीत तो आधी असो की नंतर. आकडे सारखे असतील तरच 'शेवटी आला तो वर' लागू होतो. या नियमाने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली आहे.

एका दुकानासाठी अ‍ॅप करत होतो. 'पिशवी' असं बटण, आणि त्याच्या कोपऱ्यावर पिशवीत किती वस्तू आहेत ते सांगणारा छोटा लाल ठिपका. फ्रेमलेआउटमध्ये आधी बटण लिहिलं, नंतर ठिपका. ठिपका वर दिसायला हवा. दिसेना. रंग तपासला, आकार तपासला, आकडा शून्य तर नाही ना ते पाहिलं. शेवटी कळलं की ठिपका बटणाच्या मागे लपलाय. अँड्रॉइडच्या मटेरियल थीममधलं साधं बटण मुळातच २ डीपी उचललेलं असतं (डीपी हे लहानमोठ्या पडद्यांना जुळवून घेणारं माप), आणि माझा ठिपका शून्यावर, म्हणजे जमिनीला चिकटलेला.

ठिपक्याला ३ डीपी दिले. दिसला! खूश होऊन बटण दाबलं, ठिपका गायब. बोट उचललं, ठिपका हजर. बोट ठेवलं, गायब. ऑफिसातली पोरं जमून हा खेळ बघत होती. कारण असं की दाबलं गेल्यावर ते बटण आणखी ४ डीपी वर येतं. स्थिर उंची २ आणि दाबल्यावरची तात्पुरती भर ४, मिळून ६. या तात्पुरत्या भरीला 'ट्रान्सलेशनझेड' म्हणतात, आणि चळतीतली जागा या दोहोंच्या बेरजेवर ठरते. माझा ३ चा ठिपका २ च्या वर होता, पण ६ च्या खाली. त्याला ८ दिले आणि घरी गेलो.

'याला वर आण' एवढंच सांगितलं तर?

तशीही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये ब्रिंगटूफ्रंट, आयफोनमध्ये ब्रिंगसबव्ह्यूटूफ्रंट आणि उलट दिशेला सेंडसबव्ह्यूटूबॅक. पण अँड्रॉइडचा हा हुकूम नेमकं काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो व्ह्यूला हवेत उचलत नाही, तर रांगेतून काढून शेवटी नेऊन उभा करतो. फ्रेमलेआउटमध्ये शेवटचा म्हणजे वरचा, त्यामुळे काम होतं. पण लिनिअरलेआउट नावाचा दुसरा डबा व्ह्यूंना एकाखाली एक रांगेत मांडतो. तिथे हाच हुकूम दिला की बिचारा व्ह्यू वर येण्याऐवजी पानाच्या तळाशी जाऊन बसतो. नव्या मुलांना हे एकदा तरी भोवतंच. आणि शेजाऱ्याचं एलेव्हेशन जास्त असेल तर रांगेत शेवटी जाऊनही उपयोग शून्य, तो झाकलेलाच राहतो.

मग सरळ ९९९९ देऊन टाका की!

देतात. वेबच्या पानांत तर २१४७४८३६४७ हा आकडाही सापडतो, कारण संगणकाच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात त्याहून मोठा आकडा मावत नाही. कुणीतरी वैतागून शेवटचा उपाय केल्याची ती खूण असते. आणि पुष्कळदा एवढं करूनही व्ह्यू खालीच राहतो. अ‍ॅप बनवणाऱ्यांचे पुष्कळ तास याच एका गोष्टीपायी जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या कचेऱ्यांत दप्तरं कापडी रुमालात बांधलेली असायची, आणि ते रुमाल एकावर एक रचलेले. समजा खालच्या रुमालात एक कागद आहे. त्या रुमालातला तो सगळ्यात वरचा कागद आहे, त्याच्यावर लाल शाईने 'अति तातडीचे' लिहिलंय, हवं तर तीनदा लिहा. पण त्याच्यावर दुसरा रुमाल ठेवलेला असेल, तर त्या दुसऱ्या रुमालातला तळाचा फडतूस कागदसुद्धा त्याच्या वरच आहे.

अ‍ॅपमधले डबे म्हणजे हे रुमाल. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, अशी रचना असते. झेड-क्रमाचा आकडा फक्त आपल्या डब्यातल्या भावंडांशी तुलना करायला असतो. आत्याच्या घरातल्या पोरांशी त्याचा संबंध नाही. तिथे तुलना होते ती तुमच्या डब्याची आणि त्यांच्या डब्याची. दुतोंड्या मारुतीच्या कमरेचं पाणी आणि गंगापूर धरणाची टक्केवारी हे दोन्ही पाण्याचेच आकडे, पण त्यातला मोठा कुठला असं कुणी विचारत नाही. अ‍ॅपमध्ये मात्र लोक नेमकं तेच विचारतात.

नावं निराळी असली तरी नियम सगळीकडे हाच आहे. अँड्रॉइडच्या नव्या कंपोझ पद्धतीत झेडइंडेक्स आहे, स्विफ्टयूआयमध्ये झेडइंडेक्स आहे. दोन्हीकडे सांगितलं नाही तर तो शून्य, आणि दोन्हीकडे तो भावंडांपुरता. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये झेडइंडेक्सही आहे आणि अँड्रॉइडसाठी एलेव्हेशनही. तिथे सावली सुंदर दिसावी म्हणून कार्डाला एलेव्हेशन दिलं की अँड्रॉइडवर क्रमही बदलतो आणि आयफोनवर काहीच होत नाही. मग 'माझ्याकडे बरोबर दिसतंय' म्हणून दोघे सहकारी भांडतात, आणि दोघेही खरं बोलत असतात. वेबमध्ये तर आणखी खोड: एखाद्या डब्याला किंचित पारदर्शक केलं तरी तो नवा रुमाल बांधून बसतो. रंग बदलायला गेलो आणि क्रम बदलला.

मग करायचं काय? कागद त्या रुमालातून काढून वरच्या रुमालात ठेवायचा. म्हणजे जी गोष्ट सगळ्यांच्या वर दिसायची आहे ती मुळात सगळ्यात बाहेरच्या डब्याची थेट मूल करायची. आकडा वाढवण्यापेक्षा पत्ता बदलायचा. खिडकीएवढी महत्त्वाची गोष्ट असेल तर तिला वेगळी खिडकीच द्यायची. 'खरंच काढून टाकायचं का?' असं विचारणारी चौकट बहुधा अशीच स्वतंत्र खिडकी असते. टायपायचा कीबोर्डही वेगळी खिडकी आहे, म्हणूनच अ‍ॅपमधल्या व्ह्यूला कितीही मोठा आकडा दिला तरी तो कीबोर्डच्या वर चढत नाही. पानालाच वर सरकावं लागतं.

डोळ्याला एक दिसतं, बोट दुसऱ्यालाच लागतं

आता मावशीकडे परत येतो. आतापर्यंतचं सगळं डोळ्यांचं झालं. बोटाचा हिशोब जवळपास असाच आहे, पण दिशा उलटी. रंगवताना फोन तळापासून वर येतो. बोट टेकलं की तो वरून खाली विचारत जातो: 'हे तुझ्यासाठी आहे का?' जो पहिला हो म्हणेल त्याला तो स्पर्श मिळतो, खालच्यांना पत्ताही लागत नाही.

मिठाईच्या दुकानात काचेमागे पेढे दिसतात. बोट लावलं तर काच लागते, पेढा नाही. अ‍ॅपमध्ये अशा काचा पुष्कळ असतात. अँड्रॉइडमध्ये व्ह्यूची पारदर्शकता शंभर टक्के केली, म्हणजे तो डोळ्याला अजिबात दिसेनासा केला, तरी तो तिथेच असतो आणि बोटं झेलत राहतो. त्याला 'अदृश्य' किंवा 'गायब' अशा वेगळ्या अवस्थेत टाकलं तरच तो बोटाच्या वाटेतून हटतो. फ्लटरमध्येही नुसती पारदर्शकता पुरत नाही. आयफोन इथे शहाणा आहे: पारदर्शकता एका हद्दीपलीकडे गेली, म्हणजे ठळकपणा शंभरातल्या एका भागाहूनही कमी राहिला, की तो व्ह्यूला बोटाच्या हिशोबातून वगळतो.

मावशीच्या फोनवर मी 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडले. (सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक केलं की ते उघडतात. करून बघायला हरकत नाही, पण आतल्या खटक्यांशी खेळू नका.) त्यात 'लेआउटच्या कडा दाखवा' असा खटका आहे. तो चालू केला की प्रत्येक व्ह्यूभोवती रेघा येतात, न दिसणाऱ्यांभोवतीसुद्धा. 'पैसे भरा'च्या डोक्यावर एक भलीमोठी रिकामी चौकट पसरलेली होती. पान नव्याने उघडून पाहिलं: सुरुवातीला वर एक सूचनापट्टी येते, 'वेळेत बिल भरा' छापाची, आणि पाच-सहा सेकंदांत विरून जाते. तिला आधीच हात लावला तर लगेच विरते. पण विरली तरी ती जात नाही. काच होऊन तिथेच राहते.

सुनेच्या फोनवर पट्टीचा मजकूर दोन ओळींत मावत होता, त्यामुळे काच बटणापर्यंत पोचण्याआधीच संपत होती. मावशीच्या मोठ्या अक्षरांत त्याच्या पाच ओळी झाल्या, पट्टी खाली लांबली आणि तिने बटण झाकलं. मावशी बटण दाबत होती आणि पट्टी प्रत्येक वेळी इमानदारीने पुन्हा विरत होती. दिसत काहीच नव्हतं.

याच्या उलटी चूक पैशांच्या बाबतीत जास्त वाईट. 'थांबा, व्यवहार चालू आहे' असा धुरकट पडदा येतो, तो सगळं झाकतो असं वाटतं. पण अँड्रॉइडमध्ये साधा व्ह्यू स्पर्शाला स्वतःहून 'हो' म्हणत नाही. त्याला 'तू दाबला जाऊ शकतोस' असं सांगितलं नसेल तर स्पर्श त्याच्यातून आरपार खालच्या बटणाला लागतो, आणि अधीर माणूस एकाच बिलाची दोन देणी सुरू करून बसतो. आयफोनमध्ये उलटं: साधा व्ह्यू न सांगताच स्पर्श अडवतो, मात्र चित्राचे आणि मजकुराचे व्ह्यू मुळात आरपार असतात. एकाच अ‍ॅपची दोन्हीकडची वागणूक वेगळी का, याचं उत्तर कित्येकदा एवढ्यात असतं.

आयफोनची एक चकवणारी गोष्टही सांगून टाकतो. तिथे झेडपोझिशन नावाचा आकडा आहे, तो बदलला की व्ह्यू वर दिसायला लागतो. पण बोटाचा हिशोब जुन्या यादीनेच चालतो. म्हणजे दिसतो एक, दाबला जातो दुसरा. अँड्रॉइडमध्ये एलेव्हेशन बदललं की दोन्ही हिशोब बरोबर बदलतात.

आणि कुणी मूल आपल्या डब्याच्या कडेबाहेर डोकावत असेल तर? बसच्या खिडकीतून हात बाहेर काढल्यासारखं. दिसू शकेल, पण दोन्हीकडे त्या बाहेरच्या भागावर स्पर्श सहसा पोचत नाही, कारण फोन आधी डब्याला विचारतो, 'बोट तुझ्या हद्दीत आहे का?' डबा नाही म्हणाला की पोराला विचारलंच जात नाही. बंद करायची फुली अर्धीच चालते आणि अर्धी चालत नाही, ती यामुळेच.

मग एकावर एक ठेवताच कशाला?

मावशीचा हा दुसरा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नाही. मलाही वाटतं की निम्मी तरंगती बटणं आणि पट्ट्या उगाच असतात. पण तळहाताएवढ्या जागेत नकाशा, शोधायची चौकट आणि 'इथून बसलो' असं बटण एकत्र दाखवायचं तर चढवाचढवी होणारच.

शिवाय आता ती आपोआपही होते. अँड्रॉइड १५ हे २०२४ मध्ये आलं. त्याच्यासाठी बांधलेली अ‍ॅप काचेच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पसरतात, मधे घड्याळ-बॅटरीच्या पट्टीची किंवा खालच्या तीन बटणांच्या पट्टीची जागा सुटत नाही. ती जागा मोजून सोडायचं काम अ‍ॅपवाल्याचं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून गुगल प्लेवर नवं अ‍ॅप किंवा जुन्याची नवी आवृत्ती चढवायची तर या किंवा त्याहून नव्या अँड्रॉइडला धरूनच बांधावी लागते. ज्यांनी मोजमाप केलं नाही त्यांचं 'पुढे जा' थेट फोनच्या परत-जा बटणाखाली गेलं. एखाद्या अपडेटनंतर तळाचं बटण अर्धं कापलेलं दिसलं असेल तर ही गोष्ट आठवा. अक्षरांचंही तसंच. अँड्रॉइड १४ पासून ती दुपटीपर्यंत वाढवता येतात. मावशीसारख्यांची मोठी सोय झाली, आणि बेताबेताने मांडलेल्या चळती कोसळल्या.

चळतीला खर्चही असतो. खाली झाकला गेलेला थर पुष्कळदा फोन आधी रंगवतो आणि मग त्याच्यावर दुसरा रंगवतो, म्हणजे दोनदा मजुरी. डेव्हलपर ऑप्शन्समधल्याच एका खटक्याने हे रंगात दिसतं: एकदा जास्त रंगवलं तर निळं, दोनदा हिरवं, तीनदा गुलाबी, चार किंवा अधिक वेळा लाल. स्वस्त फोनवर यादी सरकवताना अडखळत असेल तर मी पहिल्यांदा हा खटका दाबतो.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांचं काय?

अंध माणसं फोन ऐकून वापरतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर पडद्यावरच्या गोष्टी एकेक करून वाचतात. डोळस माणसाला खालून वर आलेला पत्रा दिसला की मागचं पान त्याच्यासाठी संपलं. ऐकणाऱ्यासाठी ते आपोआप संपत नाही. मागच्या पानाला 'आता गप्प बस' असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर पत्रा आणि पान दोन्ही एकाच दमात वाचली जातात आणि त्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही. वाचनाचा क्रमही झेड-क्रमाहून वेगळा सांगता येतो. आपल्याकडच्या किती अ‍ॅपमध्ये हे केलेलं असतं, ते डोळे मिटून टॉकबॅक लावल्यावर पाच मिनिटांत समजतं.

दुसऱ्याच्या घरावर आपलं छप्पर

इथवरच्या चुका भाबड्या होत्या. चोरांनाही हीच चळत माहीत आहे.

अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या वर चित्र काढायची परवानगी मिळू शकते. गप्पांच्या अ‍ॅपचे तरंगणारे गोल चेहरे, रात्रीचा पिवळा पडदा, हे सगळं त्यातूनच. पण कुणी 'बक्षीस घ्या' असं गोड चित्र वर ठेवलं आणि त्याच्या बरोबर खाली 'परवानगी द्या' हे खरं बटण आलं, तर? आपण दाबतो चित्र आणि स्पर्श आरपार जातो. किंवा उलट, बँकेच्या अ‍ॅपवर हुबेहूब तसाच खोटा पडदा ठेवला आणि आपण त्यातच पिन टाकला. आयफोनवर अ‍ॅपला ही मुभा नाही, एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या डोक्यावर काही काढायचं नाही.

अँड्रॉइडने हळूहळू दारं लावली. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून ही परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी द्यावी लागते. त्या काळात 'स्क्रीन ओव्हरले सापडला' असा गूढ संदेश यायचा आणि दुसरी कुठलीच परवानगी देता यायची नाही, ते आठवत असेल. तो संदेश त्रास द्यायला नव्हता. परवानगीच्या चौकटीवर कुणाचा तरी थर आहे, एवढंच तो सांगत होता. अँड्रॉइड १२ पासून दुसऱ्या अ‍ॅपच्या थरातून आरपार जाणारा स्पर्श फोन स्वतःच अडवतो, थर ८० टक्क्यांहून अधिक ठळक असेल तर. आणि बँकांसारखी अ‍ॅप आपल्या बटणाला सांगू शकतात की डोक्यावर कुणी असेल तर स्पर्श घेऊच नकोस.

तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून एपीके फाइल (म्हणजे अख्खं अँड्रॉइड अ‍ॅपच) आली आणि ती टाकल्यावर तिने 'इतर अ‍ॅपवर दिसण्याची' परवानगी मागितली, तर पत्रिकेला दुसऱ्याच्या छपरावर काय काम, हा प्रश्न विचारा. सेटिंग्जमध्ये ही परवानगी कुणाकुणाला दिलेली आहे याची यादी मिळते. मावशीच्या यादीत एक टॉर्चचं अ‍ॅप निघालं. ते मी तिथल्या तिथे काढलं. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नातेवाइकांना नंतर.

मावशीच्या बटणाचं पुढे काय झालं

मी त्या अ‍ॅपवाल्यांना कडा दाखवणारा स्क्रीनशॉट पाठवला आणि पट्टी विरल्यावर तिला 'गायब' करा, एवढी एक ओळ लिहिली. उत्तर आलं की अ‍ॅप काढून पुन्हा टाका. मावशीने काढलं, पुन्हा टाकलं, अर्थातच काही झालं नाही. दोनेक महिन्यांनी अपडेट आलं. आता पट्टी आपोआप विरत नाही, तिच्या कोपऱ्यात बंद करायची फुली दिली आहे. ती फुली तांदळाच्या दाण्याएवढी आहे, आणि तिचा वरचा अर्धा भाग डब्याच्या बाहेर डोकावतोय.

"खालच्या अर्ध्यावर दाब," मी फोनवर सांगितलं.

"थांब," मावशी म्हणाली, "चष्मा आणते."